कल्याण ते जेद्दा : अंतर तेच, वाट वेगळी

मुंबई ते जेद्दा हे हवाई अंतर सुमारे ३,५२० किलोमीटर आहे. थेट विमान जायला साधारण साडेपाच तास घेते, परतताना अर्धा-पाऊण तास कमी लागतो. सौदीचे घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास मागे आहे. म्हणजे सकाळी सहाला सहारहून उडालेला माणूस तिथल्या घड्याळात नऊच्या सुमारास उतरतो. हज किंवा उमऱ्याला निघालेल्या, नाहीतर नोकरीसाठी चाललेल्या प्रत्येक घरात हे आकडे तोंडपाठ असतात. कल्याण, भिवंडी, मुंब्रा, कौसा या पट्ट्यात असे घर शोधावे लागत नाही.

आकडे बरोबर आहेत, पण अपुरे आहेत. ताशी ८५० किलोमीटरने सरळ रेषेत गेले तर सव्वाचार तासांत जेद्दा यायला हवे. वरचा वेळ कुठे जातो? चढताना आणि उतरताना विमानाचा वेग कमी असतो, हवाई मार्ग ठरलेले असतात, ते सरळ रेषेत नसतात, आणि पश्चिमेकडे जाताना बहुतेक वेळा वारा समोरून येतो. परतीला तोच वारा पाठीशी असतो, म्हणून घरी लवकर पोहोचतो. एकविसाव्या शतकातल्या जेट विमानालाही वाऱ्याचा हिशेब चुकत नाही, हे मला या प्रवासातले सर्वांत जुने सत्य वाटते. आपल्या खाडीतून अरबस्तानाकडे जाणाऱ्या माणसाचे अंतर दोन हजार वर्षे वाऱ्यानेच ठरवले आहे.

कल्याण आज जंक्शन म्हणून ओळखले जाते, पण त्याची पहिली ओळख बंदराची. इसवी सनाच्या पहिल्या शतकात कुणा ग्रीक भाषिक व्यापाऱ्याने लिहिलेल्या ‘पेरिप्लस’ या सागरी मार्गदर्शिकेत कल्याणचे नाव ‘कॅलिएना’ असे येते. त्यात एक बोलकी नोंद आहे. हे बंदर आधी परदेशी व्यापाराला खुले होते, पुढे सत्ता बदलली आणि निर्बंध आले. त्यानंतर इथे चुकून आलेले ग्रीक जहाज पहाऱ्यात भडोचला नेले जाई. म्हणजे समुद्र तोच, जहाज तेच, वारा तोच, पण परवानगी नव्हती म्हणून बंदर दूर झाले. कल्याणबद्दलच्या सर्वांत जुन्या परदेशी नोंदींपैकी ही एक आहे, आणि ती बंद दरवाजाची आहे. पुढे सहाव्या शतकात कॉसमस नावाच्या प्रवाशाने ‘कॅलियाना’ हे मोठे व्यापारी ठाणे असल्याचे लिहिले. तांबे-पितळ, लाकूड आणि कापड इथून जाई, असे तो सांगतो. दरवाजा पुन्हा उघडला होता.

ठाण्याचा अरबस्तानाशी पहिला नोंदलेला संबंध मात्र व्यापाराचा नाही. बलाजुरी या नवव्या शतकातल्या इतिहासकाराने लिहिले आहे की हजरत उमर यांच्या काळात बहरीन-ओमानच्या सुभेदाराने ठाण्यावर एक आरमारी मोहीम पाठवली. हे साधारण इ.स. ६३६ च्या सुमाराचे. खलिफांना विचारलेले नव्हते. त्यांना कळले तेव्हा ते नाराज झाले, कारण माणसे समुद्रावर धोक्यात घालणे त्यांना पसंत नव्हते. ही हकीकत अनेकजण आपापल्या सोयीने सांगतात. कुणी ती आक्रमणाची सुरुवात म्हणून सांगतो, कुणी लपवतो. मी ती जशी आहे तशी सांगतो, कारण तिच्यापुढचा इतिहास जास्त महत्त्वाचा आहे. मोहीम आली आणि गेली. कोकण किनाऱ्यावर मुसलमान वस्ती रुजली ती व्यापारातून. दहाव्या शतकाच्या सुरुवातीला आलेला अल-मसऊदी चौलजवळच्या सैमूरमध्ये सुमारे दहा हजार मुसलमान राहत असल्याचे नोंदवतो. त्यांत सिराफ, ओमान, बसरा, बगदाद इथून आलेले होते आणि इथेच जन्मलेलेही होते. त्या वेळी राज्य हिंदू राजाचे होते. ही माणसे तलवारीच्या जोरावर टिकली नव्हती.

ती आली आणि गेली ती वाऱ्यावर. आपण मराठीत ‘मोसमी वारे’ म्हणतो. हा ‘मोसम’ अरबी ‘मौसिम’ आहे, म्हणजे ठरलेली वेळ, हंगाम. इंग्रजांचा ‘मान्सून’ही तिथूनच निघाला. अरबीत हजच्या दिवसांनाही ‘मौसिम’च म्हणतात. शेतकऱ्याचा पाऊस, खलाशाचा वारा आणि हाजीची वारी या तिघांना एकच शब्द लागू पडतो. पावसाळ्यात नैर्ऋत्येचा वारा जहाजाला अरबस्तानाकडून इकडे ढकलतो, हिवाळ्यात ईशान्येचा वारा इकडून तिकडे नेतो. या दोन वाऱ्यांच्या मध्ये जे बसेल तेवढेच जाणे-येणे. पण हजची तारीख चंद्रावर चालते आणि दरवर्षी दहा-अकरा दिवस मागे सरकते, तर वारा सूर्यावर चालतो. दोघांचा मेळ काही वर्षे बसे, काही वर्षे अजिबात बसत नसे. तेव्हा हाजी महिनोन् महिने आधी जाऊन थांबे किंवा हज झाल्यावर वाऱ्याची वाट बघत बसे. समुद्रावर एखादा महिना, पण घर सोडल्यापासून घरी येईपर्यंत वर्ष सहज जाई.

वाऱ्याखेरीज कागदही लागे. सोळाव्या शतकात पोर्तुगिजांनी अरबी समुद्रावर आपला परवाना, म्हणजे ‘कार्ताझ’, सक्तीचा केला. तो नसेल तर जहाज लुटले जाई. अकबराच्या काळात यावरून उलेमांमध्ये मोठा वाद झाला. खुश्कीचा रस्ता सफवी इराणमधून, पाण्याचा रस्ता फिरंग्यांच्या परवान्यावर, आणि त्या परवान्यावर मरियम व ईसा यांच्या प्रतिमा. अशा स्थितीत हज फर्ज राहतो का, असा तो प्रश्न होता. काहींनी राहत नाही असा फतवा दिला. तरीही अकबराची आत्या गुलबदन बेगम १५७५ च्या सुमारास निघाली, आणि परतताना एडनला अडकून पडली.

या वादाच्या मुळाशी एक अट आहे, जी आपण पाठ म्हणतो पण तिचा विचार कमी करतो. हज त्याच्यावरच फर्ज आहे ज्याला तिथवर पोहोचण्याची ‘इस्तिताअत’, म्हणजे ऐपत आहे. फकीहांनी या ऐपतीत पैसा, तब्येत आणि सुरक्षित रस्ता या तिन्ही गोष्टी धरल्या. म्हणजे आपल्या धर्मशास्त्राने मक्केचे अंतर कधी कोसांत मोजलेच नाही, ते माणसाच्या कुवतीत मोजले. रस्ता सुरक्षित नसणे ही किरकोळ बाब नव्हती. १६९५ मध्ये औरंगजेबाचे ‘गंज-ए-सवाई’ हे प्रचंड जहाज हाजींना घेऊन परतत असताना इंग्रज चाच्यांनी लुटले, तेही घर नजरेच्या टप्प्यात आले असताना.

याच समुद्राची किंमत ओळखून शिवाजी महाराजांनी १६५७ मध्ये कल्याण-भिवंडी घेतल्यावर इथल्या खाडीत जहाजे बांधायला घेतली. दुर्गाडीच्या पायथ्याची ती खाडी आज गाळाने भरली आहे. त्या आरमाराच्या सुरुवातीच्या सरदारांत दर्यासारंग आणि दौलतखान हे मुसलमान होते, हे इथल्या प्रत्येक शाळकरी मुलाला माहीत असायला हवे.

एकोणिसाव्या शतकात वाऱ्याची जागा कोळशाने घेतली, आणि यात ठाणे-कल्याणचा वाटा थेट आहे. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे हे ३४ किलोमीटर अंतर आगगाडीने कापले. १ मे १८५४ रोजी रूळ कल्याणला पोहोचले. कल्याणहून एक फाटा बोर घाटातून पुणे-सोलापूरकडे गेला, दुसरा थळ घाटातून नाशिक-भुसावळकडे. १८७० मध्ये मुंबई-कलकत्ता लोहमार्ग जोडला गेला. त्याच्या आदल्याच वर्षी सुएझ कालवा खुला झाला होता. या दोन घटनांनी हजचा नकाशा बदलला. शतकानुशतके ‘बाब-उल-मक्का’, म्हणजे मक्केचा दरवाजा, हा मान सुरतेचा होता. तो आता मुंबईला मिळाला. उत्तरेचा हाजी थळ घाटातून आणि दख्खनचा हाजी बोर घाटातून येई, आणि दोघांचे रूळ जिथे एक होत ते ठिकाण कल्याण. हजच्या इतिहासात कल्याणचे नाव कुणी घेत नाही, पण रेल्वेने मुंबई गाठणाऱ्या त्या लाखो हाजींपैकी बहुतेकांची गाडी आपल्या फलाटावरून गेली आहे.

आगबोटीने वेळ कमी केला, हाल कमी केले नाहीत. मुंबई-जेद्दा सागरी अंतर सुमारे २,३०० सागरी मैल, म्हणजे सव्वाचार हजार किलोमीटरहून थोडे अधिक. बोट ताशी दहा सागरी मैलांनी चालली तर साडेनऊ दिवस. थांबे धरून बारा ते पंधरा. पण मधे कामरान होते. १८६५ च्या पटकीच्या साथीनंतर युरोपातल्या सरकारांनी हाजींना रोगाचे वाहक ठरवले, आणि १८८२ च्या सुमारास तांबड्या समुद्राच्या तोंडाशी असलेल्या कामरान बेटावर क्वारंटाइन सुरू झाले. तिथे हाजींना उतरवून कपडे वाफेत घालत आणि दिवसेंदिवस थांबवत. १८८६ मध्ये सरकारने हाजींच्या प्रवासाचे काम टॉमस कुक या कंपनीला दिले, १८९५ पर्यंत ते चालले. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला आणि १८९७ मध्ये सरकारने हजयात्रा थांबवली. बोटी होत्या, कोळसा होता, पैसे साठवलेली माणसे होती. जेद्दा मात्र त्या वर्षी पोहोचण्यापलीकडे गेले.

बोटींचा धंदा बराच काळ एका कंपनीच्या हाती होता. १८७७ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या ‘बॉम्बे अँड पर्शिया स्टीम नेव्हिगेशन’ला पुढे सगळे ‘मोगल लाइन’ म्हणून ओळखू लागले. वालचंद हिराचंद यांच्या सिंदिया कंपनीने १९३० च्या दशकात ‘अल मदिना’ आणि ‘अल हिंद’ या बोटी उतरवून तिच्याशी भाड्याची लढाई केली. स्वदेशीचा तो सामना हाजींच्या तिकिटावर लढला गेला. ‘अल हिंद’ १४ एप्रिल १९४४ च्या मुंबई गोदीतल्या स्फोटात जळाली. ‘अकबर’, ‘नूरजहाँ’, ‘मोहम्मदी’, ‘इस्लामी’ ही नावे आमच्या घरांत अजून नातेवाइकांसारखी घेतली जातात.

माझे आजोबा बोटीने गेले होते, डेकच्या तिकिटावर. त्यांच्या गोष्टी मी आजीकडून ऐकल्या. सोबत वळकटी, तांदूळ, सुकट, लोणच्याची बरणी, आणि तळाशी कफन. कफन झमझमच्या पाण्यात भिजवून आणायचे असे, आणि वाटेतच गरज पडली तर तेही आणायचे राहून जाई. समुद्रात कुणी गेले तर जनाज्याची नमाज डेकवर होऊन मैयत लाटांच्या हवाली केली जाई. त्यामुळे निघण्याआधी आजोबांनी कल्याणमधल्या प्रत्येक ओळखीच्या दारात जाऊन माफी मागितली, उधारी फेडली, आणि ज्याच्याशी बांधावरून बोलणे बंद होते त्याच्याकडे आधी गेले. पंधरा दिवसांच्या अंतरात माणूस परत न येण्याची शक्यता खरी असे. हिशेब पुरा करूनच निघणे ही रीत त्या अंतराने शिकवली होती.

मोगल लाइन १९८६ मध्ये शिपिंग कॉर्पोरेशनमध्ये विलीन झाली. १९९५ मध्ये मुंबई-जेद्दा हजबोट कायमची बंद झाली. आधुनिक जहाज हे अंतर तीन-चार दिवसांत कापू शकेल, असे सांगत अलीकडे सरकारने ती पुन्हा सुरू करण्याचा विचार मांडला, २०१८ मध्ये सौदीची संमतीही मिळाली, पण बोट काही सुटली नाही.

विमानाची गोष्टही आपल्या जिल्ह्याला वगळून जात नाही. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून अहमदाबादमार्गे टपाल घेऊन जुहूला उतरले. ८ जून १९४८ रोजी ‘मलबार प्रिन्सेस’ मुंबईहून कैरो, जिनिव्हा करत लंडनला गेले. मधल्या काळात, दुसऱ्या महायुद्धात, इंग्रजांनी कल्याणजवळ नेवाळीला लष्करी धावपट्टी बांधली. त्यासाठी आसपासच्या गावांची शेती घेतली गेली. युद्ध संपले, विमाने गेली, जमिनीचा प्रश्न राहिला, आणि जून २०१७ मध्ये तो आंदोलनाच्या रूपाने रस्त्यावर आला. हाजी मलंगला जाणारी माणसे याच बाजूने जातात. धावपट्टी सर्वांना जवळ आणते असे आपण म्हणतो, पण तिच्याखाली कुणाचे तरी शेत असते, हे नेवाळीने दाखवले.

जेद्दाचे आजचे विमानतळ १९८१ मध्ये सुरू झाले. तिथले हज टर्मिनल म्हणजे तंबूंसारख्या २१० पांढऱ्या छतांचे एक गाव आहे. त्याच्या रचनेमागे फजलुर रहमान खान या बंगाली मुसलमान अभियंत्याचे डोके होते. तो मार्च १९८२ मध्ये जेद्दातच वारला. वाळवंटातल्या तंबूची कल्पना त्याने पोलाद आणि काचतंतूंत उतरवली. माझी आई त्या छताखाली उतरली तेव्हा तिला विमानापेक्षा तो तंबू ओळखीचा वाटला होता.

विमानाने एक गंमत केली. बोटीचा हाजी यलमलमसमोर आल्यावर एहराम बांधी. कप्तान सांगे, सगळे डेकवर येत, नहात, आणि ‘लब्बैक’ सुरू होई. विमान मीकातवरून काही मिनिटांत निघून जाते. म्हणून आता एहराम मुंबईतच बांधतात, कित्येकजण तर घरीच. कल्याण-शिळ रस्त्याच्या वाहतूक कोंडीत दोन पांढऱ्या चादरींत बसलेला हाजी हे आमच्याकडचे नेहमीचे दृश्य आहे. घर ते विमानतळ दोन-अडीच तास, त्याआधी चार तास हजर राहायचे. साडेपाच तासांच्या उड्डाणाआधी साडेसहा तास जमिनीवर जातात. डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबईहून विमाने सुटू लागली आहेत. तिथून जेद्दाला नियमित विमान मिळू लागले तर कल्याण-डोंबिवलीकरांचे यातले काही तास वाचतील.

पैशाचे अंतरही मोजले पाहिजे. १९५९ मध्ये रिझर्व्ह बँकेने हाजींसाठी दहा आणि शंभर रुपयांच्या खास नोटा काढल्या होत्या. त्यांच्या क्रमांकाआधी ‘एच ए’ ही अक्षरे असत. त्या काळात आखातातल्या कित्येक देशांत भारतीय रुपयाच चाले. आज तिकडे जाण्यासाठी रुपयाचा रियाल करताना हात आखडतो. हजच्या अनुदानावर आयुष्यभर टोमणे ऐकले. सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये ते दहा वर्षांत संपवायला सांगितले, सरकारने २०१८ मध्येच संपवले. अनेक मुसलमानांनीही ते नकोच म्हटले होते, कारण ज्याला ऐपत नाही त्याच्यावर हज फर्जच नाही. मला हे पटते. पण मग डेकचे स्वस्त तिकीट बंद झाल्यावर बोटीने जाणाऱ्या गरिबाला पर्याय काय उरला, हा प्रश्नही विचारायला हवा. वेळ पंधरा दिवसांवरून साडेपाच तासांवर आला, पण मजुराला तेवढ्या पैशांसाठी किती वर्षे राबावे लागते, हा प्रवासाचा खरा काळ आहे.

आणि जे हाजी नाहीत त्यांचे काय? कल्याण, मुंब्रा, भिवंडीची कितीतरी मुले जेद्दा-रियाधला कामाला आहेत. त्यांना अंतर विचारा. सौदीत कित्येक दशके मालकाच्या सहीशिवाय देश सोडता येत नसे. बाप वारल्याचा फोन रात्री येतो, विमान साडेपाच तासांचे आहे, आपल्याकडे दफन लवकर करायचे असते, आणि मालकाची सही दोन दिवसांनी मिळते. अशा मुलाने बापाचे तोंड पाहिले नाही आणि मातीही दिली नाही. मी अशी घरे पाहिली आहेत. मार्च २०२१ मध्ये सौदी सरकारने नियम बदलला आणि बहुतेक कामगारांना मालकाच्या संमतीशिवाय बाहेर पडण्याची मुभा दिली. घरकामगार आणि घरगुती वाहनचालक मात्र त्यातून वगळले गेले. म्हणजे एकाच गल्लीतल्या दोन मुलांसाठी जेद्दा-कल्याण अंतर आजही वेगवेगळे आहे.

२०२० आणि २०२१ मध्ये तर करोनामुळे सौदीबाहेरच्या कुणालाच हजला जाता आले नाही. १८९७ ची आठवण झाली. मुंबईच्या धावपट्टीवर विमाने उभी होती, पण वाट नव्हती.

आपल्या जवळचेही एक उदाहरण देतो. १९९२-९३ च्या दंगलींनंतर मुंबईतली अनेक मुसलमान कुटुंबे मुंब्र्याला आली. लोकलने हा प्रवास तासाभराचा आहे. पण ज्यांनी तो एका रात्री बिऱ्हाडासकट केला, त्यांना परत जायला तीस वर्षेही पुरली नाहीत. किलोमीटरने हे कळणार नाही.

या सगळ्यातून मी एवढाच निष्कर्ष काढतो. दोन विमानतळांमधले अंतर हे यंत्राचे अंतर असते. माणसाचे अंतर आधी वाऱ्याने ठरवले, मग कोळशाने, आता कागद आणि पैसा ठरवतात. वाऱ्यावर आपला इलाज नव्हता. कागद मात्र माणसे लिहितात, आणि माणसांनी लिहिलेले माणसांना बदलता येते. २०२१ चा नियम हेच सांगतो. फकीहांनी ‘सुरक्षित रस्ता’ ही अट घातली तेव्हा रस्ता सुरक्षित करण्याची जबाबदारी एकट्या प्रवाशावर टाकली नव्हती. ती राज्यकर्त्यांची आणि समाजाची आहे. हज कमिटीच्या खोलीत, परराष्ट्र खात्याच्या टेबलावर आणि मोहल्ल्याच्या बैठकीत आपण हेच मागितले पाहिजे, की साडेपाच तासांचे अंतर चालक म्हणून गेलेल्या मुलालाही साडेपाच तासांचेच पडावे.